सिनेमा सुरळीत चालतो, गेम मात्र अडकतो: टीव्ही बॉक्सची क्रमवार तपासणी

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. इंटरनेटवरचे सिनेमे आणि ॲप चालवणाऱ्या, टीव्हीला जोडलेल्या बॉक्सवर सिनेमा स्वच्छ दिसतो, क्रिकेटचा सामना कुठेही थांबत नाही, पण मुलांनी गेम लावला की चित्र धक्के देत चालते, बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते आणि थोड्या वेळाने सगळेच गोठून बसते. नागपुरात प्रतापनगर आणि आसपासच्या वस्त्यांत टीव्ही बसवण्याचे व दुरुस्तीचे काम मी बारा वर्षांपासून करतो आहे आणि ही तक्रार इतक्या घरांत पाहिली आहे की तपासणीचा एक क्रम आपोआप ठरून गेला. बहुतेक घरांत पहिल्या चार-पाच पायऱ्यांतच काम होते आणि पैसे लागत नाहीत. काही घरांत मात्र बॉक्समध्ये बिघाड नसतोच, त्याची ताकदच तेवढी असते. ते ओळखता न आल्यामुळे लोक चांगला चालणारा बॉक्स बाजूला टाकून त्याच ताकदीचा दुसरा विकत आणतात, आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटते.

लक्षणे आधी वेगळी करावीत

‘गेम अडकतो’ या एका वाक्यात पाच वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. चित्र सुरुवातीपासूनच धक्के देत असेल, तर दोष बहुधा बॉक्सच्या सेटिंगमध्ये किंवा ताकदीत असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे ठीक चालून मग हळूहळू धक्के सुरू होत असतील, तर उष्णतेकडे पाहावे. चित्र गुळगुळीत आहे पण बटणाला उशिरा प्रतिसाद मिळतो, अशी तक्रार असेल तर टीव्ही किंवा कंट्रोलर, म्हणजे गेम खेळण्याचा हातातला रिमोट, तपासावा. चित्र मध्येच फुटते, चौकोन चौकोन दिसतात आणि पुन्हा स्वच्छ होते, तर गेम इंटरनेटवरून येतो आहे आणि वाट तिथेच अडली आहे. गेम आपोआप बंद होऊन मुख्य पडद्यावर परत येत असेल, तर मेमरी किंवा साठवणुकीची जागा संपलेली असण्याची शक्यता मोठी असते. पुढची कोणतीही पायरी करण्यापूर्वी यांतले आपल्याकडे नेमके काय घडते, हे दोन दिवस नीट पाहून कागदावर लिहून ठेवावे.

‘सिनेमा तर ४के मध्ये चालतो, मग गेम का नाही?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचे उत्तर कळले की पुढची सगळी तपासणी सोपी होते. सिनेमातले प्रत्येक चित्र आधीच तयार असते. बॉक्सला ते फक्त उलगडून दाखवायचे असते आणि त्या एकाच कामासाठी चिपमध्ये एक स्वतंत्र भाग बसवलेला असतो. गेममध्ये मात्र प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने काढावे लागते, सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि हे काम करणारा ग्राफिक्सचा भाग स्वस्त बॉक्समध्ये अगदी लहान असतो. म्हणून सिनेमा उत्तम चालणे हा बॉक्स गेमसाठी सक्षम असल्याचा पुरावा धरता येत नाही.

बॉक्स खरोखर बंद करून पुन्हा सुरू करावा

रिमोटवरचे लाल बटण दाबल्यावर बॉक्स बहुधा झोपतो, बंद होत नाही. आधी उघडलेली ॲप मेमरीत तशीच पडून राहतात आणि एक किंवा दोन जीबी रॅम असलेल्या बॉक्सवर गेमसाठी फारसे काही उरत नाही. पिनचे बटण बंद करावे, एक मिनिट थांबावे, पुन्हा सुरू करावे आणि दुसरे काहीही न उघडता थेट गेम लावून पाहावा. ‘रॅम साफ’ करण्याचा दावा करणारी ॲप टाकू नयेत. ती स्वतःच मेमरीत बसून राहतात आणि जाहिराती दाखवतात.

टीव्हीचा गेम मोड

बटणाला उशिरा प्रतिसाद मिळत असेल तर बॉक्सला हात लावण्याआधी टीव्हीचे सेटिंग उघडावे. आजचे टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवत नाहीत. ते आधी रंग खुलवतात, कडा ठळक करतात, हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये तिसरे चित्र तयार करून घालतात आणि मग पडद्यावर सोडतात. सिनेमा पाहताना हा उशीर कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. गेममध्ये मात्र बोट आधी हलते आणि डोळ्यांना परिणाम नंतर दिसतो. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम’ नावाचा पर्याय निवडल्यावर ही सजावट बहुतांश बंद होते. बॉक्स ज्या एचडीएमआय पोर्टला जोडला आहे, त्याच पोर्टवर असताना तो निवडावा, कारण अनेक टीव्ही प्रत्येक पोर्टचे सेटिंग वेगळे ठेवतात.

फरक पडला की नाही हे मोजण्याची एक चांगली पद्धत आहे. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनची सोय असेल, तर कंट्रोलरवरचे बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असे चित्रीकरण करावे. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या फोनमध्ये एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. बोट खाली टेकल्याचे चित्र आणि पडद्यावर हालचाल सुरू झाल्याचे चित्र यांच्यामधली चित्रे मोजावीत आणि गेम मोड लावून तेच पुन्हा करावे. मानेवाड्यातल्या एका घरी आठवीतल्या मुलाने माझ्यासमोर बसून ही मोजणी केली होती. आधी ४१ चित्रे आली आणि नंतर १९. नवा बॉक्स घेण्याचे त्यांचे पैसे तिथेच वाचले.

पन्नास, तीस की साठ?

ही पायरी बहुतेक लोकांना माहीतच नसते, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक घरे येथेच सुटतात. आपल्याकडे जुन्या टीव्ही प्रसारणाची चाल सेकंदाला ५० अशी होती आणि त्या हिशेबाने अनेक बॉक्सचे चित्राचे सेटिंग अजूनही ५० हर्ट्झवर ठेवलेले सापडते. गेम मात्र ६० किंवा ३० च्या हिशेबाने बनवलेले असतात. साठ चित्रे पन्नास जागांत बसवायची म्हणजे दर सेकंदाला दहा चित्रे गळणार, आणि गाडी सरळ रस्त्यावर धावत असतानाही ठरावीक अंतराने एक झटका जाणवणार. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तेथे ६० हर्ट्झ निवडावे.

४के टीव्ही असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीवर ४के चित्र सेकंदाला ३० पेक्षा अधिक वेळा जात नाही. ४के आणि ६० हर्ट्झ दोन्ही हवे असतील तर २.० आवृत्ती आणि तेवढी क्षमता असलेली केबल लागते. जुनी केबल किंवा टीव्हीचा जुना पोर्ट वापरला तर काही बॉक्स कोणालाही न सांगता ४के ३० वर उतरतात. अशा वेळी १०८० (फुल एचडी) आणि ६० हर्ट्झ निवडावे. चित्र किंचित कमी तीक्ष्ण दिसेल, पण चाल दुप्पट होईल, आणि गेमसाठी चाल अधिक महत्त्वाची असते. शिवाय अनेक बॉक्स ॲप आणि गेमचे चित्र मुळात १०८० मध्येच काढून नंतर ताणून मोठे करतात, त्यामुळे नुकसान वाटते त्यापेक्षाही कमी होते.

उष्णता: नागपूरकरांनी येथे थांबून नीट पाहावे

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पश्चिमेकडच्या भिंतीला रात्री नऊ वाजताही हात लावला तर ती गरम लागते. त्याच भिंतीवर टीव्ही, टीव्हीच्या मागे चिकटवलेला बॉक्स, आणि बॉक्सच्या खाली केबलचा सेट-टॉप बॉक्स, अशी रचना मी शेकडो घरांत पाहिली आहे. चिप ठरावीक तापमानाच्या वर गेली की ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. सिनेमाला फारशी ताकद लागत नाही, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही; गेम चिपला सतत राबवतो, म्हणून पंधराव्या मिनिटाला धक्के सुरू होतात. थेट एचडीएमआय पोर्टमध्ये खोचल्या जाणाऱ्या स्टिकच्या आकाराच्या बॉक्समध्ये तर पंखा नसतो आणि हवा जायला फटही जवळजवळ नसते.

तपासणी अशी करावी. बॉक्स अर्धा तास पूर्ण बंद ठेवावा, मग लांब एचडीएमआय केबलने टीव्हीच्या पुढे मोकळ्या जागेत, लाकडी स्टुलावर ठेवून तोच गेम तेवढाच वेळ खेळावा. धक्के उशिरा आले किंवा आलेच नाहीत, तर उत्तर मिळाले. बॉक्स कायमचा टीव्हीच्या मागून बाहेर काढावा, त्याच्यावर विणलेला रुमाल किंवा दुसरा बॉक्स ठेवू नये, आणि खालून हवा जावी म्हणून चारही कोपऱ्यांना बाटलीची झाकणे लावली तरी चालते. गेल्या वर्षी नंदनवनातल्या एका घरी मी एवढेच केले होते आणि तो बॉक्स अजून सुरू आहे.

कूलरबद्दल स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे, कारण बॉक्स थंड राहावा म्हणून लोक तो मुद्दाम कूलरच्या झोतात ठेवतात. कूलरची हवा ओली असते, तिच्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार आणि त्यांतले क्षार येतात, आणि एचडीएमआय व यूएसबीच्या पोर्टमध्ये पांढरट-हिरवट थर जमतो. पोर्टमध्ये टॉर्च मारून असा थर दिसला तर टाचणीने खरवडू नये. आतल्या पट्ट्या वाकतात आणि मग दुरुस्ती महाग पडते. बॉक्स झोताच्या बाजूला ठेवावा, झोतात नाही.

वीज आणि ॲडॅप्टर

बॉक्सची वायर टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावलेली असेल तर ती आधी काढावी. साधा यूएसबी २.० पोर्ट अर्धा ॲम्पिअर देण्यासाठी बनवलेला असतो आणि बॉक्सला बहुधा एक ते दोन ॲम्पिअर लागतात. सिनेमा चालवताना ही उणीव खपून जाते, पण गेममुळे मागणी वाढली की बॉक्स आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मूळ ॲडॅप्टर हरवला असेल तर बॉक्सच्या खाली छापलेले व्होल्ट नेमके तेवढेच आणि ॲम्पिअर तेवढे किंवा अधिक असलेला ॲडॅप्टर घ्यावा. पाच व्होल्टच्या बॉक्सला बारा व्होल्टचा ॲडॅप्टर लावल्यामुळे जळालेले बॉक्स माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात. पिन बसते म्हणून ॲडॅप्टर चालेल असे कधीही समजू नये. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी झाले तरी चांगला ॲडॅप्टर ते सांभाळून घेतो, कारण तो बहुधा १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असतो. धोका असतो तो वीज जाऊन अचानक परत येण्याच्या क्षणी, म्हणून वीज गेली की पिनचे बटण बंद करण्याची सवय घरात सर्वांना लावावी.

साठवणुकीची जागा

आठ जीबीच्या बॉक्समध्ये व्यवस्थेचे सॉफ्टवेअर वजा जाता निम्मी जागा हाती लागते आणि एक मोठा गेम ती भरून टाकतो. न वापरलेली ॲप काढावीत आणि किमान एक ते दीड जीबी मोकळी ठेवावी. पेनड्राइव्ह लावून जागा वाढवता येते, परंतु स्वस्त पेनड्राइव्हवर ठेवलेला गेम प्रत्येक नव्या टप्प्यावर थांबतो, त्यामुळे तेथे फोटो आणि व्हिडिओ ठेवावेत, गेम आतच राहू द्यावा.

कंट्रोलर

बॅटरी भरून घ्यावी आणि कंट्रोलर पुन्हा जोडावा. निम्मे दोष यात जातात. उरलेल्यांचे कारण बहुधा हवेतली गर्दी असते. ब्लूटूथ रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, जुने वायफायही तेथेच चालते, आणि यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क बॉक्सला चिकटून ठेवली तर तीही त्याच पट्ट्यात गोंगाट करते. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, डिस्क लांब ठेवावी, आणि स्टिक टीव्हीच्या मागे असेल तर सोबत मिळालेल्या लहान एक्स्टेंडर केबलने ती बाजूला काढावी. ब्लूटूथ हेडफोन आणि ब्लूटूथ कंट्रोलर एकाच वेळी वापरत असाल तर हेडफोन बंद करून पाहावा. शक्य असेल तेथे यूएसबी केबलने कंट्रोलर जोडून तपासावे, कारण केबलने दोष गेला तर तो ब्लूटूथचाच होता हे पक्के होते. सीताबर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कंट्रोलरवर प्रकार बदलण्याचे एक लहान बटण असते. चुकीच्या प्रकारात तो जोडला जातो, पण निम्मी बटणे काम करत नाहीत.

इंटरनेटवरून येणारा गेम

गेम बॉक्समध्ये न उतरवता दूरच्या सर्व्हरवरून किंवा घरातल्या संगणकावरून आणून खेळत असाल, तर बॉक्सची ताकद फारशी महत्त्वाची राहत नाही आणि सगळा भार जोडणीवर येतो. सिनेमाचे ॲप पुढचा काही वेळाचा भाग आधीच साठवून ठेवते, म्हणून मधली दोन सेकंदांची अडचण आपल्याला दिसत नाही. पुढच्या क्षणी तुम्ही कोणते बटण दाबणार हे सर्व्हरला ठाऊक नसते, त्यामुळे गेममध्ये काहीही साठवता येत नाही. म्हणून योजनेवर ‘१०० एमबीपीएस’ लिहिलेले असूनही गेम फुटू शकतो. १०८० च्या चित्राला सुमारे २५ एमबीपीएस पुरतात, पण ते अखंड मिळाले पाहिजेत. बॉक्सला लॅन पोर्ट असेल तर राउटरपासून केबल ओढून एक दिवस खेळून पाहावे. केबलवर दोष गेला तर वायफाय सुधारावे. केबलवरही दोष तसाच राहिला आणि तो रोज रात्री आठ ते अकरा याच वेळी येत असेल, तर इंटरनेट देणाऱ्याकडे वेळा लिहून तक्रार करावी, कारण घरात बदलण्यासारखे काही उरलेले नसते.

फोनवरचा गेम टीव्हीवर दिसावा म्हणून बिनतारी प्रक्षेपण करणाऱ्यांना उशीर जाणवणारच. तो दोष समजू नये.

बॉक्सच कमी पडतो, हे कसे ओळखावे

वरचे सगळे करूनही हलका गेम चालतो आणि जड गेम अडकतो, असा अनुभव येत असेल, तर बॉक्सची मर्यादा आली. बॉक्स जुना असून त्यात माली-४५० हा ग्राफिक्स भाग असेल, तर तो २०१२ साली जाहीर झालेला आहे आणि ग्राफिक्सची ओपनजीएल ईएस २.० एवढीच भाषा त्याला येते, ३.० मागणारे नवे गेम त्यावर नीट चालत नाहीत किंवा प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाहीत. ज्या गेमला बोटाचा स्पर्श लागतो तोही टीव्हीच्या स्टोअरमध्ये दाखवला जात नाही. असा गेम बाहेरून फाइल आणून टाकला तरी रिमोटने तो खेळता येत नाही, आणि अनोळखी ठिकाणची फाइल घरातल्या नेटवर्कमध्ये आणण्याचा धोका वेगळाच.

ही अडचण फक्त आपल्या घरची नाही. औया नावाच्या बॉक्सने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून ८५ लाख डॉलर जमवले, २०१३ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्यातली टेग्रा ३ चिप सुमारे दीड वर्ष जुनी झालेली होती, आणि २०१९ मध्ये त्याची सेवा बंद झाली. गूगलचा नेक्सस प्लेयर २०१४ मध्ये आला आणि दोन वर्षांत थांबला. ॲपलने २०१५ च्या टीव्ही बॉक्सवर सुरुवातीला ॲपचा आकार २०० एमबीपुरता मर्यादित ठेवला होता आणि प्रत्येक गेम साध्या रिमोटवर चाललाच पाहिजे असा नियमही काही काळ होता; एवढ्या जागेत आणि एवढ्या बटणांत मोठा गेम बनवणार कोण? एनव्हिडियाच्या शील्ड या टीव्ही बॉक्समध्ये टेग्रा एक्स१ ही दमदार चिप होती, आणि तीच चिप २०१७ च्या निन्टेंडो स्विच या गेमसाठीच बनवलेल्या कन्सोलमध्ये उत्तम गाजली. स्विच घेणारा गेमसाठीच पैसे मोजतो, म्हणून त्यासाठी गेम बनवणारे पुढे येतात. बॉक्स घेणारा सिनेमा पाहण्यासाठी घेतो, प्रत्येक घरातल्या बॉक्सची ताकद वेगळी असते, कंट्रोलर प्रत्येकाकडे नसतो, म्हणून गेम बनवणारा सर्वांत कमकुवत बॉक्स आणि साधा रिमोट डोळ्यांसमोर ठेवून लहानसा गेम बनवतो. हे समजून घेतले तर मुलांना बॉक्सवर काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधीच सांगता येते. बीच बगी रेसिंगसारखा टीव्हीसाठी बनवलेला गेम बॉक्सवर आनंदाने खेळावा. मोठ्या गेमसाठी कन्सोल किंवा संगणकाचा विचार करावा.

डब्यावर ‘८के’ आणि मोठी रॅम छापलेला, नाव कधी न ऐकलेला बॉक्स स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. अशा काही बॉक्समध्ये रॅमचा आकडा खोटा दाखवलेला असतो, आणि कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर आलेल्या अशा उपकरणांबद्दल अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. असा बॉक्स घरात असेल तर तो दुरुस्त करू नये, नेटवर्कवरून काढून टाकावा.

शेवटची घरगुती पायरी: रीसेट

सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट केल्यावर सगळी ॲप, पासवर्ड आणि खात्यात न साठवलेली गेमची प्रगती पुसली जाते, म्हणून मुलांना आधी विचारावे आणि पासवर्ड लिहून घ्यावेत. रीसेटनंतर व्यवस्थेचे अपडेट पूर्ण होऊ द्यावे आणि फक्त एकच गेम टाकून तपासावे. तो सुरळीत चालला तर बाकीची ॲप रोज एक या वेगाने परत टाकावीत, म्हणजे कोणत्या ॲपमुळे धक्के येतात ते कळते.

येथे थांबावे

बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर सगळे बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. घराचे अर्थिंग तुटलेले असू शकते आणि त्याच खोलीत पाण्याने भरलेला कूलर असेल तर हा प्रकार जिवावर बेतू शकतो. यात गेमचा प्रश्न दुय्यम आहे. जळका वास, वितळलेली पिन, फुगलेला ॲडॅप्टर किंवा फुगलेली कंट्रोलरची बॅटरी दिसली तर पुन्हा ‘एकदा लावून पाहू’ असे करू नये. रीसेटनंतरही बॉक्स सुरुवातीच्या चिन्हावरच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर आतली मेमरी खराब झालेली असू शकते. इंटरनेटवरून मिळवलेले फर्मवेअर (बॉक्स चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) घरी चढवू नये, कारण चुकीच्या मॉडेलचे फर्मवेअर चढले की बॉक्स बहुधा परत येत नाही. इंटरनेट किंवा डीटीएच कंपनीने दिलेला बॉक्स बहुधा त्यांच्याच मालकीचा असतो, त्यामुळे तो उघडू नये, त्यांच्याकडेच तक्रार नोंदवावी. स्वतःचा बॉक्स वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू काढू नये, आणि स्टिक तर मुळीच उघडू नये, ती चिकटवलेली असते.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना बॉक्सबरोबर त्याचा ॲडॅप्टर, एचडीएमआय केबल आणि कंट्रोलर चारही वस्तू न्याव्यात, आणि सुरुवातीला लिहिलेला तो कागदही न्यावा. त्यावर दोष किती मिनिटांनी आला, खोलीत कूलर सुरू होता का, सेटिंग किती हर्ट्झवर होते आणि कोणत्या पायरीने किती फरक पडला, एवढे असेल तर माझ्यासारख्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे तपासणीचे पैसेही कमी लागतात.